समोरचं ताट

१

लष्करातल्या माणसाच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात एक जाडजूड फाइल मिळते. घराच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. अंगणातलं गवत तीन इंचांच्या वर जाऊ द्यायचं नाही. संध्याकाळी पाचला बिगुल वाजला की गाडी असेल तिथे थांबवून खाली उतरायचं आणि झेंड्याच्या दिशेने तोंड करून उभं राहायचं. नवरा परदेशी मोहिमेवर असताना नळ गळला तर कुणाला फोन करायचा, हेसुद्धा. मी सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात सहा वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई, सूचना नीट वाचायची मला सवय आहे. ती फाइल मी अथपासून इतिपर्यंत वाचली. एकटीने जेवायला कसं बसायचं, ते तिच्यात कुठेच नव्हतं.

आम्ही मुळात फौजेतली माणसं नव्हेच. माझा नवरा सिद्धेश पाटणकर कराडचा इंजिनिअर, डॅलसजवळ प्लेनोला एका टेलिकॉम कंपनीत होता. २००२ साली आमची ग्रीन कार्डं पोस्टाने घरी आली आणि पंधरा दिवसांत त्याची नोकरी गेली. जवळजवळ वर्षभर तो घरी बसून होता. मग एका मॉलमध्ये भरती करणाऱ्यांचं टेबल लागलं होतं, तिथे तो थांबला. ग्रीन कार्डवाल्यालाही घेतात, नागरिकत्व लवकर होतं, राहायला घर मिळतं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच जाऊन सही करून आला आणि मला रात्री जेवताना सांगितलं.

प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळींत हे कळलं तेव्हा सगळे इतके चांगले वागले की मला लाज वाटली. फक्त निधीने, माझ्या तिथल्या एकुलत्या एका जवळच्या मैत्रिणीने, मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "अगं, पण का? इतकं काय डेस्परेट झालात यार? विनय त्याचा रेझ्युमे फॉरवर्ड करत होता ना!"

निधीचा नवरा विनय आठ महिने तो रेझ्युमे फॉरवर्डच करत होता.

२००३च्या शेवटी आम्ही टेक्सासमध्येच, तीन तासांवरच्या छावणीतल्या घरात राहायला गेलो. मार्चमध्ये त्याला इराकला निघायचं होतं. मला एकच गोष्ट हवी होती. तो गेला तसाच परत यावा. नुसता जिवंत नव्हे. वरणाची वाटी तळापर्यंत चमच्याने खरवडणारा, लिंबू पिळून झालं की साल ताटाखाली दडवणारा, जेवताना नाकातल्या नाकात गुणगुणणारा, तोच माणूस. हे मी देवाजवळ अगदी याच शब्दांत मागितलं होतं. मागताना इतका नेमकेपणा करायला नको होता, असं आता वाटतं.

२

निघण्याआधी बटालियनचं मोठं जेवण होतं. मी हौसेने पैठणी नेसले आणि पार्किंगमध्ये निऱ्या सुटल्या. त्या परत घालून सभागृहात पोचेपर्यंत सुरुवातीची भाषणं संपली होती. सिद्धेश त्याच्या वरिष्ठांच्या रांगेत उभा होता. त्याने मला डोळ्यांनीच 'बस' म्हटलं.

मंचाजवळ एक लहान गोल टेबल एकटंच मांडलेलं होतं. पांढरी चादर, एक खुर्ची, एक मेणबत्ती. बशीत चिमूटभर मीठ आणि लिंबाची एक फोड. शेजारी ग्लास पालथा घातलेला.

मला हसूच आलं. इतक्या वर्षांत या देशात मांडलेलं पहिलं पान मला ओळखीचं वाटलं होतं. आम्ही ताट वाढायला घेतो ते असंच, आधी मीठ, मग लिंबू. उरलेले पदार्थ वाढायला कोणी तरी येईल म्हणून मी बराच वेळ तिकडे बघत होते. कोणी आलं नाही. येणारे-जाणारे त्या टेबलाला थोडं अंतर ठेवून जात होते.

"ते कुणासाठी रे?" सिद्धेश शेजारी येऊन बसल्यावर मी विचारलं.

"नंतर सांगतो," तो म्हणाला. तेवढ्यात कुणी तरी त्याला 'पॅट' अशी हाक मारली. त्याचं आडनाव तिथे कुणाला झेपत नसे. नंतर ते राहूनच गेलं. मीही पुन्हा विचारलं नाही. मोहिमेवर गेलेल्या माणसाची जागा राखायची त्यांची पद्धत असणार, असं मी माझं ठरवून टाकलं.

३

तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी बसने गेला. बायका मुलांचे हात धरून हलवत होत्या. मला धरायला कुणाचा हात नव्हता, म्हणून मी दोन्ही हातांनी पर्स धरली.

पहिले दोन दिवस मी काही खाल्लं नाही. भूक लागे, पण ताट घेऊन टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची बघून घास फिरे. टेबल मुळात चौघांचं होतं. बाकीच्या दोन खुर्च्या रिकाम्या असल्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला ते गोल टेबल आठवलं. मिरजेहून आणलेली स्टीलची दोन ताटं होती. मी त्याचंही पान वाढलं. मीठ, लिंबाची फोड, कोबीची भाजी, भाताची मूद, वाटीत वरण. ग्लास तेवढा त्यांच्यासारखा पालथा ठेवून बघितला, पण ते मला बरं दिसेना. जेवायला येणाऱ्यापुढे पालथा ग्लास कोण ठेवतं? मी तो सरळ केला आणि पाण्याने काठोकाठ भरला.

त्या दिवशी मी पोटभर जेवले. मग तो नेमच पडला. दुपारी बाराला माझं पान, त्याचं पान. इथले बारा म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे नऊ. फोनची रांग लहान असली तर तो त्याच सुमाराला फोन करी. त्याच्या ताटातलं अन्न टाकवत नसे. संध्याकाळी गरम करून ते मीच खायची.

दहा-बारा दिवसांनी त्या भातात मला कचकन काही तरी लागलं. तांदूळ डॅलसच्या आपल्या दुकानातला, पिशवीतला, स्वच्छ. मी घास हातावर काढून पाहिला. बारीक, पिवळसर वाळू होती.

माझ्या ताटातल्या भातात नव्हती, आणि दोन्ही भात एकाच कुकरमधले होते.

४

वाळूचं कारण मी शोधून काढलं. टेक्सासचा वारा, खिडकीची सैल चौकट, त्याची खुर्ची खिडकीशी. बरोबर बसत होतं. मग पाणी कमी व्हायला लागलं.

काठोकाठ भरलेला ग्लास माझं जेवण होईस्तोवर दोन बोटं उतरलेला असे. एसी हवा कोरडी करतो, बाष्पीभवन होतं, हे मी पोरांना फळ्यावर शिकवलेलं आहे. तरी मी मार्करने ग्लासावर रेघ मारली आणि तसाच दुसरा ग्लास भरून ओट्यावर ठेवला. तुलनेसाठी काही हवं ना. पाच दिवस वहीत लिहून काढलं. ओट्यावरच्या ग्लासातलं पाणी जागचं हललं नाही. टेबलावरचा रोज दोन बोटं उतरला, आणि पाचव्या दिवशी निम्मा. त्या दिवशी भाजीत मिरची जास्त पडली होती.

सहाव्या दिवशी ताट उचललं तर खाली लिंबाची साल होती. पिळलेली, दुमडलेली.

मी आधी स्वतःलाच संशयित धरलं. एकटी बाई, झोप कमी, काय सांगावं? मी लिंबू पिळलं असेल आणि विसरले असेन. हातांचा वास घेऊन पाहिला. माझ्या हातांना फक्त कोथिंबिरीचा वास येत होता.

त्याच दुपारी फोन आला.

"जेवलास?" मी विचारलं.

"नाही गं. ट्रे घेतो आणि तसाच रिटर्न करतो. भूकच नसते हल्ली." लाइनवर मधे मधे खरखर होती. "नऊ वाजले की पोट एकदम फुल वाटतं. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला हीट आहे, पाणी पी."

"मिरची लागली का रे काल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला कसं कळलं? काल जीभ नुसती जळत होती. काही खाल्लं नव्हतं तरी."

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आनंद झाला. सात हजार मैलांवरून माझा नवरा रोज माझ्या हातचं जेवायला येतो, आणि त्या प्लेनोच्या बायकांचे नवरे ऑफिसात पिझ्झा खातात. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आवडीची मसूरची आमटी केली आणि मूद दुप्पट वाढली.

५

जूनमध्ये निधी आली. तीन महिन्यांनी का होईना, आली. येताना चितळ्यांची म्हणून कुठली तरी बाकरवडी, दोन सिनेमांच्या डीव्हीडी आणि पुष्कळ सहानुभूती घेऊन आली.

"किती क्लीन ठेवलंयस गं घर. हे बाहेर हेलिकॉप्टर असंच चालू असतं का दिवसभर? मी तर वेडी झाले असते." बोलत बोलत ती टेबलाशी आली. मी बारा वाजून गेल्यावर ताटं नुकतीच उचलली होती. तिने सिद्धेशची खुर्ची ओढली आणि बसली. बसली तशीच उठली.

"काय झालं?"

"काही नाही." तिने सीटवर तळवा ठेवला. "गरम आहे गं. म्हणजे कुणी आत्ता बसून उठल्यासारखी. कोण आलं होतं?"

"खिडकीतून ऊन येतं," मी म्हटलं.

निधीने खिडकीकडे पाहिलं. ती खिडकी उत्तरेची होती आणि पडदा ओढलेला होता. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली, पण टेकून नाही. चहा अर्धा ठेवून, ट्रॅफिक लागेल म्हणून चारच्या आत निघालीसुद्धा. गाडीत बसताना तिने माझा हात दाबला. "कांचन, एकटी राहू नकोस. आमच्याकडे ये काही दिवस. सीरियसली."

सीरियसली बोलावणाऱ्याने तारीख सांगायची असते. मी मान हलवली आणि घरात आले. आत कुणी तरी नाकातल्या नाकात गुणगुणत होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तेव्हा थांबलं. फ्रिज असा आवाज करतो. आमचा करत नसे.

६

ऑगस्टमध्ये डार्लीन आली. डार्लीन एका सार्जंटची बायको, आमच्या तुकडीतल्या बायकांचा मदतगट चालवायची. कुणाचं बाळंतपण, कुणाची गाडी बंद, सगळ्याला हीच. मोठ्या आवाजाची, मनाने सरळ बाई. तिला कसल्याशा यादीवर माझी सही हवी होती, आणि ती नेमकी बाराला आली.

टेबलाशी येऊन ती बोलायची थांबली. तिने मीठ पाहिलं, लिंबू पाहिलं. कागद छातीशी धरले.

"हनी, हे कुणासाठी?"

"पॅटसाठी," मी म्हटलं. "तुमच्या त्या जेवणात पाहिलं होतं. गेलेल्यांची जागा."

"तुला कुणी सांगितलं नाही?" तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "ते मोहिमेवर गेलेल्यांसाठी नसतं. जे परत आलेच नाहीत, ज्यांची प्रेतंसुद्धा मिळाली नाहीत, त्यांच्यासाठी असतं. मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू. लिंबू त्यांच्या कडू नशिबाचं. ग्लास पालथा असतो, कारण ते आता पिऊ शकत नाहीत." तिने बोट दाखवलं. "हा सरळ कुणी केला?"

पाणी रेघेच्या दोन बोटं खाली आलं होतं, ते तिनेही पाहिलं. सही न घेताच ती गेली. पुन्हा आमच्या घरी आली नाही, यादी मात्र टपालाने पाठवली.

जिवंत माणसाचं मी पाच महिने मेल्याचं पान वाढत होते. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या नवऱ्याचं ताट झाकून ठेवतात. उघडं ठेवतात ते कुणाचं, हे मला सांगायला डार्लीनची गरज नव्हती. मला ते लहानपणापासून माहीत होतं. परक्या देशात परक्या टेबलावर मांडलेलं दिसलं म्हणून मला ते वेगळं वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचं पान बंद केलं. तीन दिवस. पहिल्या दिवशी बाराला ती खुर्ची जागेवर करकरली. दुसऱ्या दिवशी टेबलावर बोटं वाजवल्यासारखा आवाज आला, हळू, वाट बघणाऱ्याने वाजवावीत तसा. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. त्या दुपारी घर इतकं गप्प होतं की मी टीव्ही लावला, रेडिओ लावला, नळ सोडून ठेवला.

फोन त्याच दिवशी आला. सिद्धेश हसत होता. मी त्याचं हसणं कितीतरी दिवसांनी ऐकलं.

"अगं, काय झालंय माहीत नाही, तीन दिवस राक्षसासारखा खातोय. तीन-तीन ट्रे! पोरं बेट लावतात माझ्यावर. तू बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हटलं.

म्हणजे मला कळलं होतं. तीन दिवसांचा का असेना, पुरावा होता, आणि पुराव्याचं काय करायचं ते मी पोरांना शिकवत आले होते. चौथ्या दिवशी साडेअकराला मी कुकर लावला आणि दोन ताटं काढली. एकटेपणाला मी दोष देत नाही. एकटेपण त्या वसाहतीत घरोघर होतं, त्या बायकांनी असलं काही केलं नाही.

७

पुढच्या मार्चमध्ये तो परत आला. व्यायामशाळेत बँड, झेंडे, रडारड. रांगेत मला तो सापडेना. तोच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं होती आणि चौथ्याची गरज होती. मी मिठी मारली तर हाताला नुसती हाडं लागली.

"आलो," तो म्हणाला.

घरी येतानाच मी मनाशी पक्कं केलं होतं. आता खरा माणूस आला, खेळ संपला. त्या दुपारी एकच जास्तीचं पान वाढलं, त्याचं, त्याच्या खुर्चीसमोर. पुरणपोळी केली होती. तो स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभा राहिला.

"बस ना रे. गार होतंय."

तो खुर्चीकडे बघत होता, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघतात तसा बघत नव्हता. नजर थोडी वर होती, बसलेल्याच्या तोंडाशी.

"होऊ दे त्याचं," तो म्हणाला. "मग बसतो."

माझ्या डाव्या हाताला अंगणात उघडणारं काचेचं दार होतं. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. मान वळताना दिसलं तेवढंच. काचेत टेबल होतं, मी होते, आणि त्या खुर्चीत निळ्या चौकटीच्या शर्टाची दुमडलेली बाही, टेबलावर टेकलेलं कोपर. भरलेला, गोरटा हात. तो शर्ट प्लेनोचा होता, छावणीत येताना मी स्वतः दान करून टाकलेला. मी झटकन समोर पाहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं. वाटी मात्र ताटावर डुगडुगत होती.

त्यानंतर सिद्धेश टेबलाशी कधी बसला नाही. सिंकपाशी उभ्याने पाकिटातलं काही तरी खायचा, तेही दोन घास. भांडला नाही, ओरडला नाही. फौजेच्या मानसोपचारवाल्याने त्याला गोळ्या दिल्या आणि मला एक पुस्तिका. पुस्तिकेत लिहिलं होतं, परत आलेला माणूस वेगळा वाटू शकतो, धीर धरा. मी धीर धरला. बाराला मात्र मी पान वाढत होते, आणि तो ते वाढताना मला बघत होता. मी थांबले असते तर तो खायला लागला असता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग का थांबले नाही? कारण खुर्चीतला गुणगुणत होता. दारातला नव्हता. मी देवाकडे ज्याला मागितलं होतं तो रोज बारा वाजता माझ्यासमोर बसत होता, आणि हा वाळलेला, मान खाली घालून चालणारा माणूस मला परका वाटत होता. त्याचं सगळं बळ काढून मीच त्या खुर्चीत बसवलंय, हे कळूनही परका वाटत होता.

ऑक्टोबरात दुसऱ्या एका तुकडीला माणसं कमी पडत होती. तो कागद घेऊन माझ्याजवळ आला. दुपारच झालेली होती.

"व्हॉलंटिअर्स घेताहेत," तो म्हणाला. "मला जायलाच पाहिजे असं नाही. तू सांग. थांबू का?"

त्याने हे सरळ माझ्याकडे बघून विचारलं. आत टेबलावर चमचा वाटीच्या तळाशी खरवडत होता. मी एक शब्द बोलायचा होता.

"तुला बरं वाटेल ते कर," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. "तिथे निदान मला जेवायला जागा असते गं," तो म्हणाला आणि कागद ओट्यावर ठेवून त्याने उभ्यानेच सही केली.

८

२००६च्या जानेवारीत, एका बुधवारी, बाराला पाच कमी असताना घराबाहेर गाडी थांबली. पडद्याच्या फटीतून मला दोन माणसं दिसली, गडद हिरव्या गणवेशात. एकाच्या कॉलरवर क्रूस होता, म्हणजे फौजेतला पाद्री. त्या वसाहतीत ही बातमी फोनवर देत नाहीत. दोघं जण येतात, गणवेशात, आणि उभ्याने सांगतात. प्रत्येक बाईला हे माहीत असतं, ते फाइलमध्ये असो वा नसो.

मी दार उघडलं. ताटं वाढून झालेली होती.

"मिसेस पाटणकर?" मोठा अधिकारी म्हणाला. बिचाऱ्याने गाडीत सराव केला असावा, उच्चार अगदी बरोबर होता. "आम्ही आत आलो तर चालेल?"

मी त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं. दोघं बसले नाहीत. अधिकाऱ्याने टोपी काखेत धरली आणि घसा खाकरला.

"थांबा," मी म्हटलं. "आत जेवण चाललंय. तेवढं होऊ द्या."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आतून चमच्याचा आवाज आला, मग वाटी सरकल्याचा. क्रूसवाल्याची मान तिकडे वळली, म्हणजे त्यालाही ऐकू आलं.

"मॅडम, घरात आणखी कुणी आहे?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"माझा नवरा," मी म्हटलं.

शिस्तीची माणसं, थांबली. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं गेली. आत वरणाची वाटी खरवडली जात होती, निवांत, रोजच्यासारखी, आणि मधे मधे ते गुणगुणणं. क्रूसवाल्याचे ओठ हलत होते. अधिकाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, जानेवारीत.

"मॅडम, मला आता सांगावं लागेल," तो म्हणाला आणि मी नको म्हणायच्या आत त्याने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. त्यांच्या लष्करमंत्र्याने मला कळवायला सांगितलेलं दुःख. स्पेशालिस्ट सिद्धेश पाटणकर. काल पहाटे. रस्त्यावरचा स्फोट. गावाचं नाव.

मी त्याच्याकडे बघत होते, पण कान आत होते. नाव उच्चारलं गेलं तेव्हा वाटीचा आवाज थांबला. मग खुर्ची मागे सरकली. अर्ध्या जेवणावरून उठायची त्याची रीत नव्हती.

"थांब," मी ओरडले. ऑक्टोबरात हाच एक शब्द हवा होता.

अधिकारी मला बसवू बघत होता. मी त्याचा हात झटकून पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा.